चौदा रत्नांची पेटी

गेल्या वैशाखांतील एका दुपारीं आमच्या ओटीवर एक जड खोकें येऊन पडलें. आणून देणाऱ्या मुलानें सही घेतली, पाणी मागितलें, तें पिऊन तो गेला. खोक्यावर माझ्या पुतण्याचें नांव होतें. सायंकाळीं तो नव्या मुंबईंतील आपल्या कचेरींतून परतला, तेव्हां घरांतील सारीं मुलें राखणीस बसल्यासारखीं त्याच्याभोंवतीं बसलीं होतीं. झांकण निघालें, आणि आंतून चकचकीत पोलादाचीं व तांब्याचीं भांडीं एकामागून एक बाहेर येऊं लागलीं. "हा काय, झांकणाचा तांब्या कीं काय?" अशी आमच्या घरांतून पृच्छा झाली. धाकट्या नातीनें वस्तु मोजल्या; त्या बरोबर चौदा भरल्या.

मी सहज बोलून गेलों, "चौदा! समुद्रमंथनांतून निघालीं तेवढींच रत्नें."

पुतण्या हंसला नाहीं. मान खालीं घालून म्हणाला, "काका, हीं कॉकटेल करण्याचीं भांडीं आहेत."

धाकटी भावजय कांहीं न बोलतां उठून स्वयंपाकघरांत गेली. बंधूंनीं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरिलें तें धरिलेंच. घरांतील वडील माणूस म्हणून बाकीच्यांचे डोळे माझ्याकडे वळले. अडतीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें उत्तर देण्यापूर्वीं प्रश्न विचारण्याची मला संवय आहे. मीं विचारलें, "हें घरींच कां करावयाचें?"

"बाहेर प्यालें कीं रात्रीं गाडी चालवीत परत यावें लागतें, काका."

त्यानें नांव घेतलें नाहीं. घेण्याची जरुरीहि नव्हती. दोन वर्षांपूर्वीं त्याचा एक शाळासोबती अशाच एका मेजवानीहून पहांटे दुचाकीवरून परततांना महामार्गावर गेला. तो मुलगा माझ्याच वर्गांत होता. 'देव' शब्द तो सप्तमीपर्यंत घडाघडा म्हणे, आणि संबोधनाशीं येऊन हमखास अडे. पनवेलीच्या आसपास जीं शेतघरें उभीं राहिलीं आहेत, तेथें शनिवारीं रात्रीं काय चालतें हें आम्हां जुन्या लोकांस ठाऊक असतें. पण ठाऊक असून आपण काय करितों, हा प्रश्न त्या सायंकाळीं मला प्रथमच पुरता बोंचला.

"आठ दिवसांनीं बोलूं," असें सांगून मीं ती पेटी माझ्या टेबलावर नेऊन ठेविली. त्या आठ दिवसांत मीं दोन कामें केलीं: ग्रंथ उघडले, आणि भांडीं तपासलीं. त्याचा वृत्तांत येथें सादर करीत आहें. कारण अशी पेटी आज ना उद्यां पुष्कळांच्या ओटीवर येणार आहे, आणि तिला नुसतें नाक मुरडून ती परत जाणार नाहीं.

ग्रंथांत काय आढळलें

मद्याविषयीं आपल्या घरांत जें सांगितलें जातें तें सर्वांस पाठ आहे. सुरापान हें मनूनें महापातकांत गणिलें. असुरांनीं कचाची राख मद्यांत कालवून शुक्राचार्यांस पाजली. तेव्हांपासून त्यांनीं ब्राह्मणांस मद्य वर्ज्य केलें, ही महाभारतांतील कथा आपण लहानपणींच ऐकतों. खाडिलकरांनीं 'विद्याहरण' (१९१३) त्याच कथेवर रचिलें, आणि गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) मधील सुधाकराच्या नाशानें तीन पिढ्यांचे डोळे ओले केले. हें सारें खरें आहे. पण आपल्या ग्रंथांत याशिवाय आणखीहि कांहीं आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पंचविसाव्या अध्यायांत आसवांचे चौऱ्यायशीं प्रकार मोजले आहेत. आणि ते कसे, तर उगमस्थानांच्या क्रमानें: धान्यांचे ६, फळांचे २६, मुळांचे ११, झाडांच्या गाभ्याचे २०, फुलांचे १०, कांडांचे ४, पानांचे २, सालींचे ४ आणि साखरेचा १. बेरीज करून पाहावी. ती चुकत नाहीं. ज्यानें ही यादी केली त्यास पेय म्हणजे काय, तें कशापासून होतें, ह्याची नुसती निंदा करावयाची नव्हती. त्यास तें जाणून घ्यावयाचें होतें.

आमच्या पनवेलीस तर ही विद्या परकी मुळींच नाहीं. १८७२ सालापासून येथें धूतपापेश्वराचा औषधी कारखाना आहे, आणि आसवें व अरिष्टें हीं अशा कारखान्यांचीं नित्याचीं औषधें. औषधी द्रव्यें न उकळतां गुळासाखरेच्या पाण्यांत मुरविलीं तर तें आसव. काढा करून मग मुरविला तर तें अरिष्ट. धायटीचीं फुलें घालून भांडें बंद करून ठेविलें, कीं आंतल्या आंत आंबण्याची क्रिया होऊन मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. त्याचें प्रमाण बहुधा शेंकडा ५ ते १० असतें. बाळंतिणीस दशमूलारिष्ट द्यावें, अशक्तास द्राक्षासव द्यावें, हें ज्या घरांत चालत आलें, त्याच घरांत "आमच्या उंबऱ्याआंत मद्याचा थेंब आला नाहीं" असेंहि आपण अभिमानानें सांगतों! मात्र तें औषध दोन-चार चमचे, तितक्याच पाण्यांत, जेवणानंतर घ्यावयाचें, हें आपण कधीं विसरलों नाहीं. बाटली फडताळांत राहिली आणि व्यसन घरांत शिरलें नाहीं, तें ह्या मापामुळें.

परंतु मला थांबविलें तें कौटिल्यानें. अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हैसूर येथें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत मेदक नांवाच्या मद्याची कृति नेमक्या मापानें दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. कुटुंबवत्सल गृहस्थांनीं विशेष प्रसंगीं घरीं पांढरी सुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, अशी मोकळीकहि आहे. पानगृहांत निरनिराळ्या खोल्या असाव्या, त्यांत निजण्याबसण्याची वेगवेगळी सोय असावी, आणि पिणाऱ्यांनीं तेथेंच प्यावें, पिऊन हिंडूं नये, असा त्याचा दंडक आहे. झोंपीं गेलेल्यांच्या अंगावरील दागिना हरवला तर त्याची भरपाई दुकानदारानें करावयाची! दोन हजार वर्षांपूर्वींच्या राज्यकर्त्यास जें सुचलें, तें मोटारीच्या युगांत आम्हां वडीलधाऱ्यांस सुचूं नये, ह्याची मला खरोखर लाज वाटली.

पंच आपल्याच किनाऱ्याचा

पुतण्याच्या पेटींत एक लहानसें पुस्तकहि होतें. त्यांतील पेयांचीं नांवें वाचून मला वाटलें कीं हें सारें विलायतेंतून आलें. शोध घेतां दिसलें तें निराळेंच. इंग्रजींत 'पंच' नांवाचें जें जुनें मिश्र पेय आहे, त्याचा उल्लेख सतराव्या शतकांत प्रथम हिंदुस्थानांतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांत १६३२ सालीं येतो. १६३८ सालीं मांडेल्स्लो नांवाचा जर्मन प्रवासी सुरतेस आला. त्यानें तेथील इंग्रजांच्या वखारींत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर ह्यांचें पेय पाहिल्याचें लिहिलें आहे. पुढें जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७३ सालीं इकडे आला. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तो सांगतो कीं नेरूळ येथें उत्तम अर्क निघतो, त्यापासून ह्या किनाऱ्यावरील इंग्रज लोक 'पंच' करितात, आणि पांच द्रव्यांमुळें त्यास हें हिंदुस्थानी नांव पडलें. हें नेरूळ आपल्या शेजारचें नव्हे, गोव्याकडील बारदेशांतलें. कांहीं कोशकारांस ही व्युत्पत्ति मान्य नाहीं. परंतु ज्यानें प्रत्यक्ष येथें येऊन ऐकलें व लिहिलें, त्याचा शब्द मला वजनदार वाटतो. विशेष हें कीं वैद्य असल्यामुळें त्यानें ह्या पेयाची तुलना वैद्यांच्या पांच औषधींच्या योगाशीं केली.

कॉकटेल हा शब्द त्यानंतरचा. अमेरिकेंतील हडसन गांवच्या एका वर्तमानपत्रानें १८०६ सालीं त्याची व्याख्या छापली ती अशी: कोणतेंहि मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. १८६२ सालीं जेरी टॉमस नामक न्यूयॉर्कच्या कसबी माणसानें ह्या पेयांच्या कृतींचें पुस्तक काढिलें, आणि तेव्हांपासून ही एक रीतसर विद्या झाली. तो कडू अर्क कोणता? आजहि जगभर वापरला जाणारा 'अंगोस्तुरा' हा अर्क डॉक्टर सीगर्ट ह्यानें १८२४ सालीं व्हेनेझुएलांत पोटाचें औषध म्हणून सिद्ध केला. म्हणजे तेथेंहि मूळ वैद्याचेंच!

येथें शिक्षकाची खोड म्हणून एक टीप देतों. संस्कृतांत 'कटु' म्हणजे मराठींतलें तिखट, आणि मराठींतलें कडू म्हणजे संस्कृतांतलें 'तिक्त'. हा घोटाळा मनांतून काढून मग कोणत्याहि नामांकित कॉकटेलकडे पाहिलें, तर त्यांत आपले षड्‌रसच निरनिराळ्या मापांत मांडलेले दिसतात. क्यूबा बेटांतील डायकिरी घ्या: रम ६० मिलिलिटर, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक २०, बर्फांत घुसळून गाळावयाचें. आंबट आणि गोड ह्यांचा तोल, त्यास एक तीक्ष्ण द्रव्य, आणि वितळलेल्या बर्फाचें पाणी. तीक्ष्ण द्रव्य वगळा. उरतें तें काय? आपलें सरबत! म्हणून मीं पुतण्यास म्हटलें, "अरे, ह्या विद्येचा तीन चतुर्थांश भाग तर तुझ्या आजीला येत होता. तिच्याजवळ बर्फ आणि मापाचा पेला तेवढा नव्हता."

चौदांतून पांच

आतां भांड्यांकडे वळूं. त्या चौदा वस्तु अशा: घुसळण्याचें पात्र, मापाचा पेला, स्प्रिंगची गाळणी, बारीक गाळणी, लांब दांड्याचा चमचा, ठेंचण्याचा दांडा, लिंबू पिळणी, साल काढणी, बर्फाचा चिमटा, बाटलीस बसवावयाच्या दोन तोट्या, बूच काढणी आणि तांब्याचे दोन पेले. ज्यांस अशीं भांडीं घ्यावयाचीं असतील त्यांनीं संपूर्ण पेटी घेऊं नये, पांच वस्तु सुट्या घ्याव्या, असें माझें मत झालें आहे.

पहिली वस्तु मापाचा पेला. हा डमरूच्या आकाराचा असतो; एका बाजूस ३० मिलिलिटर, दुसऱ्या बाजूस ६०. आंतून १५ व ४५ च्या रेघा कोरलेल्या असतील असाच घ्यावा. आमच्या आयुर्वेदांत कर्ष म्हणजे सुमारें १२ ग्रॅम व पल म्हणजे त्याच्या चौपट. ज्या वैद्याजवळ तराजू नाहीं तो वैद्य नव्हे. सरबत 'अंदाजानें' करणारी गृहिणी चार माणसांचें उत्तम करिते, पण चाळीस माणसांचें करतांना तिचा अंदाज चुकतो. हा पेला ती चूक होऊं देत नाहीं.

दुसरी वस्तु घुसळण्याचें पात्र. ह्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एकांत तीन भाग असतात: पेला, भोंकांचें झांकण व टोपण. हें नवशिक्यास सोपें. मात्र थंडीनें धातु आकसून झांकण आवळतें व निघतां निघत नाहीं. दुसऱ्यांत एकमेकांत बसणारे दोनच पेले असतात. तळहाताच्या कडेनें हलकी चापटी मारली कीं ते सुटतात. थोडा सराव झाल्यावर हा दुसराच बरा, कारण तो घांसून स्वच्छ करण्यास सोपा. पत्रा जाड पाहावा. हातांत हलका लागणारा पेला लौकर पोंचतो.

तिसरी वस्तु स्प्रिंगची गाळणी. ही पेल्याच्या तोंडावर घट्ट बसून बर्फ व चोथा अडविते. बारीक गाळणी निराळी घेण्याचें कारण नाहीं, चहाची गाळणी तेंच काम करिते. चौथी वस्तु लांब दांड्याचा पिळाचा चमचा. पांचवी लिंबू पिळणी. हींत लिंबाचा कापलेला भाग खालीं, भोंकांकडे ठेवावयाचा. पुष्कळ लोक उलट ठेवितात आणि रस अर्धाच निघतो. फार दाबूं नये. सालींतील कडवटपणा रसांत उतरतो. मध्यम कागदी लिंबाचा रस सुमारें १५ ते २० मिलिलिटर निघतो, आणि तो त्याच दिवशीं वापरावा.

बाकीच्या वस्तूंस आपल्या घरांत जुने प्रतिनिधि आहेत. ठेंचण्याच्या दांड्याचें काम खलबत्त्यांतील बत्ता करितो, साल काढणीचें काम बटाटे सोलण्याचें सोलणें करितें, आणि बर्फाचा चिमटा नसल्यानें कोणाचें अडत नाहीं.

परंतु तांब्याच्या पेल्यांविषयीं सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. १९४१ च्या सुमारास अमेरिकेंत आल्याच्या सोड्याचें एक पेय तांब्याच्या पेल्यांतून देण्याची टूम निघाली, आणि तेव्हांपासून हे पेले अशा पेट्यांत येतात. दिसतात सुंदर. पण आंबट रस उघड्या तांब्यास लागला कीं तांबें त्यांत उतरतें, आणि मळमळ, वांती, पोटांत मुरडा असे विकार होतात. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्यास कल्हई केल्याशिवाय त्यांत आमटी, ताक वा चिंचेचें पाणी ठेवीत नसत, त्याचें कारण हेंच. पुतण्याचे पेले मीं खिडकीशीं नेऊन पाहिले. एकाच्या आंतील पोलादी अस्तर शाबूत होतें, दुसऱ्याच्या तळाशीं तें खरवडून तांबूस झालें होतें. तो दुसरा आतां देवघरांत फुलें ठेवण्याच्या कामीं आहे.

घुसळावें केव्हां, ढवळावें केव्हां

ह्या विद्येंतला एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पेयांत फळाचा रस, दूध वा साय असेल तर घुसळावें. सारेंच द्रव स्वच्छ व पारदर्शक असेल तर नुसतें ढवळावें. घुसळल्यानें हवा मिसळते, फेंस येतो, रस व पाक एकजीव होतात; ढवळल्यानें पेय नितळ राहतें. घुसळण्यास दहा ते बारा सेकंद पुरेत. तेवढ्यांत पेय गार होतें आणि बर्फाचें थोडें पाणी त्यांत मिसळतें. हें पाणी दोष नव्हे. तें कृतीचाच भाग होय. म्हणून मूळ मिश्रण किंचित् गडद ठेवावें.

बर्फाचे तुकडे मोठे असावे. ते सावकाश वितळतात. उकळून निवविलेल्या पाण्याचा बर्फ करावा, आणि झांकून ठेवावा. शीतकपाटांत लसणाची चटणी शेजारीं असली तर बर्फास तिचा वास लागतो, हें आमच्या घरीं दुसऱ्याच दिवशीं प्रत्ययास आलें. आज बर्फाची आपणांस किंमत नाहीं. पण १८३३ सालीं कलकत्त्यास तो बोस्टनहून जहाजानें, लांकडाच्या भुशांत गुंडाळून, चार महिने समुद्र ओलांडून आला होता, हें मुलांस सांगावें.

आतां तीन कृति. प्रथम पाक करून ठेवावा: साखर व पाणी समभाग, वजनानें, साखर विरघळेपर्यंत ऊन करून, गाळून बाटलींत भरावा. शीतकपाटांत तो पंधरा दिवस उत्तम राहतो.

पहिली कृति, निर्मद्य पंच. जुन्या पंचाचें प्रचलित माप असें आहे: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, पाणी चार, आणि वर मसाला. कडकाच्या जागीं मीं कडक कोरा चहा थंड करून घातला. चहाचा तुरटपणा तोंडांत रेंगाळतो, आणि मद्याच्या अभावीं पेय पिचकवणी लागत नाहीं. दहा माणसांसाठीं लिंबाचा रस १५० मिलिलिटर, पाक ३००, चहा ४५०, गार पाणी ६००. वर किसलेलें जायफळ दोन चिमटी. रस, पाक, चहा, पाणी व जायफळ: बरोबर पांच!

दुसरी कृति कोकमाची. रातांबे पिकतात ते चैत्र-वैशाखांत, पाऊस लागण्यापूर्वीं. फोडून बिया काढाव्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणींत थरावर थर लावावे, तोंडास दादरा बांधून आठवडाभर उन्हांत ठेवावें. जो लाल रस सुटतो तो गाळला कीं अमृतकोकम झालें. तें ४५ मिलिलिटर, लिंबाचा रस १० मिलिलिटर, ठेंचलेल्या आल्याचा लहान तुकडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड व सैंधव चिमूटभर, बर्फ. घुसळून, दोनदां गाळून, वर १२० मिलिलिटर गार सोडा. सोडा कधींहि घुसळण्याच्या पात्रांत घालूं नये. झांकण उडून छत लाल होईल. (हेंहि अनुभवानें लिहितों.)

तिसरी कृति पन्ह्याची. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास होतें तेंच पन्हें. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ दीड वाटी, वेलदोडा, केशर, मीठ. ह्या गोळ्यांतून ६० मिलिलिटर घेऊन १२० मिलिलिटर पाणी व बर्फ घालून घुसळावें. वर जो पांढुरका फेंस येतो, तो पाहून आमच्या घरांतून शेरा मिळाला, "इतकीं वर्षें आम्हीं रवीनें केलें असतें तर?" खरोखरच, लहान रवीनें असाच फेंस येतो. करून पाहिलें.

घराचा नियम

आठवा दिवस शनिवार होता. पुतण्यानें आपल्या सात मित्रांस बोलाविलें. मीं मापाचा पेला हातीं घेतला, त्यानें पात्र घेतलें, आणि भावजयीनें आंबेडाळीचें पातेलें बाहेर आणून ठेविलें. त्या पोरांनीं प्रथम संकोचानें, मग मागून मागून पेले रिकामे केले. एकानें विचारलें, "सर, ह्यांत थोडी फेणी घातली तर?" सारे माझ्याकडे पाहूं लागले.

मीं पुढीलप्रमाणें सांगितलें. ह्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. तो कायदा पुष्कळजण विसरले असले तरी तो गेलेला नाहीं. रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडला तर गाडी चालविणें गुन्हा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें कीं प्रकृतीस निर्धोक असें मद्याचें कोणतेंच प्रमाण नाहीं. ह्या पेल्यानें मद्य मोजतां येतें. पिणाऱ्याचा संयम त्यानें मोजतां येत नाहीं. म्हणून ह्या घरांत मद्य ओतलें जाणार नाहीं. हा आमच्या देवघराचा मान आहे, तो तुम्ही राखावा. बाहेर तुम्ही काय करितां हें मी विचारणार नाहीं, कारण विचारलें कीं खोटें सांगावें लागतें. मात्र एक नियम तुम्हां आठांसहि लागू. ज्यानें घेतली असेल त्यानें त्या रात्रीं गाडीस हात लावावयाचा नाहीं. कितीहि वाजले असोत, ह्या घरीं दूरध्वनि करावा किंवा यावें. दार उघडेल, ओटीवर गादी घातलेली असेल, आणि सकाळपर्यंत कोणी एक शब्द बोलणार नाहीं.

पोरें गप्प झालीं. त्यांतील एकजण, त्या गेलेल्या मुलाचा अगदीं जिवलग, उठून माझ्या पायां पडला आणि हात धुण्याच्या निमित्तानें परसांत गेला. तो बराच वेळ आला नाहीं. हा नियम आम्हीं दोन वर्षें आधीं केला असता तर, असा विचार त्याच्याहि मनांत आला असावा. माझ्या मनांतून तर तो अद्याप जात नाहीं.

आषाढांत एका रात्रीं दीड वाजतां घंटा वाजली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. पुतण्याचा आवाज म्हणाला, "काका, मीं घेतली आहे. गाडी वाशीस ठेविली. टॅक्सीनें येतों आहें." पाऊण तासानें तो आला. दार त्याच्या आईनें उघडलें. तिनें कबूल केल्याप्रमाणें कांहीं विचारलें नाहीं. कोरडा पंचा त्याच्या हातीं दिला. मीं लिंबाचा रस ३० मिलिलिटर मोजून, मीठसाखर घालून, पेलाभर पाणी त्यास दिलें. तो तें पीत असतां भावजय स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी होती. तिचे डोळे भरले होते. परंतु मुलगा समोर बसलेला होता.

समुद्रमंथनांतून सुरा निघाली, हलाहल निघालें आणि अमृतहि निघालें; तें एकाच समुद्रांतून निघालें, असें पुराणकार सांगतात. आमच्या पेटींतील पांच भांडीं आतां रोजच्या वापरांत आहेत. कोकम चालू आहे.